सिएटल: बंदी असताना तिसऱ्या (शिंपल्या) काढाव्यात का?

रत्नांग्री_कर: आई गेल्या आठवड्यात रत्नागिरीहून आली आहे. ओहोटीला किनाऱ्यावर नेलं, तर तिसऱ्यांचा नुसता खच! पण बाजूला फलक: जैवविषामुळे शिंपले काढायला बंदी. पाणी मात्र नितळ. आईचं म्हणणं, "आमसुलं घालून रटरटून उकळल्या की कसलं विष राहतंय? तोंड उघडलेल्या तेवढ्या खायच्या." इथले लोक उगाच बाऊ करतात का?

शेवाळशास्त्री: अजिबात नाही. मी शिंपल्यांतलं विष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होतो. पूर्वापार चाचणी सांगतो: शंभर ग्रॅम मांस वाटायचं, तेवढंच सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पाच मिनिटं उकळायचं आणि तो अर्क उंदराला टोचायचा. म्हणजे आईंचीच रेसिपी, आमसुलाऐवजी आम्ल! सॅक्सिटॉक्सिन (सूक्ष्म शेवाळातून शिंपल्यांत येणारं विष) त्यात शाबूत राहतं, म्हणून तर उंदीर मरतो. (आता बरंचसं काम यंत्रांवर होतं.) शंभर ग्रॅममध्ये ८० मायक्रोग्रॅम झालं की किनारा बंद. तोंड उघडलं म्हणजे शिंपली जिवंत होती, एवढंच. विषाने तिला काही होत नाही. ओठांना मुंग्या येतात त्या आपल्या. पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि उतारा नाही. पाण्याच्या रंगावर तर जाऊच नका.

कुर्ली_नंबर_वन: आपल्याकडेही झालंय हे. १९९७ मध्ये केरळात विळिंजमला शिनाणे (मसल्स) खाऊन माणसं दगावली होती.

रत्नांग्री_कर: बापरे. मग महिनाभराने जाऊ?

शेवाळशास्त्री: अंदाजाने नको. शिनाणे लवकर निवळतात, पण तिथल्या बटर क्लॅम नावाच्या शिंपल्यांमध्ये हेच विष दोन वर्षांपर्यंत टिकू शकतं. ज्या दिवशी जाल त्याच दिवशी, घरून निघण्याआधी, राज्याच्या आरोग्य खात्याचा बंद किनाऱ्यांचा नकाशा बघा. आईंना आत्ताच खायच्या असतील तर दुकानातून आणा. तो माल तपासणीखालच्या क्षेत्रातला असतो. पिशवीवर कुठे, कधी काढला त्याचा टॅग असतो, तो मागून बघा.

कुर्ली_नंबर_वन: आणि कुर्ल्या? आम्ही कवटीतला पिवळा गर सोडत नाही हो.

शेवाळशास्त्री: तिथे सोडा. विष मुख्यतः त्या गरातच साठतं. २०१५ मध्ये डोमोइक आम्ल या दुसऱ्या शेवाळी विषामुळे पश्चिम किनाऱ्यावर खेकड्यांचा हंगाम लांबला होता. कवटी आधी काढून आतलं सगळं धुवा, मगच कालवणात टाका. अख्ख्या उकळल्यात तर ते पाणी ओतून द्या.