रोज हिंजवडीला जाणाऱ्या गाडीत फोर्ज्ड पिस्टन कशाला?

पाना_बारा

मित्राच्या टर्बो पेट्रोल हॅचबॅकचं इंजिन सध्या खोललेलं आहे. एका पिस्टनची रिंग लँड, म्हणजे दोन रिंगांच्या मधला कडा, तुटली. तुकड्याने सिलेंडरची भिंत ओरबाडली, त्यामुळे बोअरिंग, म्हणजे सिलेंडर आतून कापून किंचित मोठा करणं, आलंच. गॅरेजवाला म्हणतो, "खोललंच आहे तर फोर्ज्ड टाकून घ्या, परत बघायला नको." (फोर्ज्ड म्हणजे ओतलेला नाही, दाबून घडवलेला पिस्टन.) गाडीचं काम काय, तर रोज कोथरूड ते हिंजवडी आणि अधूनमधून कोकण. रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकात केलेला बदल) नाही, टर्बो कंपनीचाच. मित्राला ते पटलंय, मला नाही. कारणं देतो, मग तुटून पडा.

कंपनीचे पिस्टन बहुतेक गाड्यांत ओतीव असतात. त्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास, काहींत १६-१८ पर्यंत. त्यामुळे पिस्टन कडक होतो, कमी झिजतो आणि तापल्यावर कमी फुगतो. फुगणं कमी म्हणून भिंतीशी क्लिअरन्स (मधली फट) कमी ठेवता येतो आणि थंड इंजिनही गप्प चालतं. फोर्ज्डमध्ये बाजारात मुख्यतः दोन मिश्रधातू मिळतात. ४०३२ मध्ये सिलिकॉन साधारण १२ टक्के, तर २६१८ मध्ये जवळजवळ नाहीच. २६१८ चिवट असतो, मार खाईल, वाकेल, पण सहसा फुटणार नाही. (कॉन्कॉर्ड विमानाच्या सांगाड्यालाही याच जातीचं ॲल्युमिनियम होतं, त्यामुळे नाव ऐकूनच लोक भारावतात.) पण तो जास्त फुगतो, म्हणून थंड असताना सैल ठेवावा लागतो. सैल पिस्टन डोलतो, स्कर्ट (पिस्टनचा खालचा घेर) भिंतीवर आपटतो, वरून वायू खाली निसटतो, तेल वर येतं. रोजच्या गाडीचं इंजिन सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा याच थंड अवस्थेतून जातं.

आणि ताकद हवी कुठे आहे? पिस्टनला वर-खाली फेकण्याचं जडत्वाचं बल आरपीएमच्या वर्गाने वाढतं. ६००० ला जे बल असतं, त्याचा नववा हिस्सा २००० ला. वाकड पुलावर गाडी २००० च्या वर जाते कधी?

घाटरस्ता

वर्गाचं गणित बरोबर, पण चुकीच्या ठिकाणी लावलंय. मित्राची रिंग लँड जडत्वाने तुटलेली नाही, दाबाने तुटली आहे.

छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनांत कमी आरपीएम आणि जास्त लोड असताना ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. त्याला एलएसपीआय म्हणतात. रिंगांच्या फटीत साठलेलं तेल आणि पेट्रोल यांचा थेंब वर उडतो आणि तोच पेटवतो, असं त्याचं प्रचलित स्पष्टीकरण आहे. सिलेंडरमधला दाब नेहमीच्या कितीतरी पट होतो आणि पहिला बळी रिंग लँड. खंबाटकी चढताना एसी चालू, गाडीत पाच माणसं, चौथा गिअर, १७०० आरपीएम आणि पाय खाली दाबलेला: आपण पुणेकर गाडी अशीच चालवतो, गिअर बदलायचा म्हणजे जिवावर येतं. म्हणजे तुम्ही ज्याला "साधा रोजचा वापर" म्हणताय, तोच पिस्टनला सगळ्यात वाईट. रेसट्रॅकवर इंजिन वरच्या आरपीएमला फिरतं, तिथे हा प्रकार जवळजवळ नसतो.

ओतीव पिस्टन ठिसूळ, एका दणक्यात गेला. फोर्ज्ड असता तर वाचला असता. विषय संपला.

पाना_बारा

दणका कशाचा बसला ते ओळखलंत, मग दणकाच बंद करा ना! एलएसपीआयमध्ये तेलाचा मोठा हात आहे, कॅल्शियमची डिटर्जंट्स जास्त असली की प्रकार वाढतो. म्हणूनच तर २०१८ मध्ये एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी ही तेलांची वर्गवारी आली, तिच्यात याचीच चाचणी आहे. मित्राच्या गाडीत कुठलं तेल होतं ते त्यालाच माहीत नाही. डब्यावर एसपी लिहिलेलं तेल घाला, चढावर तिसरा गिअर टाका. खर्च जवळजवळ शून्य.

शिवाय पिस्टन वाचला तर पुढचा दणका कोण खाणार? कनेक्टिंग रॉड, पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा. तो कंपनीचाच आहे. मग म्हणाल, रॉडही फोर्ज्ड... असं करत करत एक दिवस नंबर प्लेट तेवढी कंपनीची उरेल.

लेथवाले_काका

भोसरीत बोअरिंग-होनिंगचं (सिलेंडर कापून, मग घासून मापात आणण्याचं) काम करतो. दोघंही धातूवर भांडताय, मला सगळा घोळ मोजमापात दिसतो.

एक तर पिस्टन गोल नसतो. पिनच्या (गजन पिन, पिस्टन आणि रॉड जोडणारी) दिशेला व्यास कमी, आडव्या दिशेला जास्त, आणि वरून खाली पिंपासारखा. त्यामुळे मोजायचा कुठे ते पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा स्कर्टवर, पिनशी काटकोनात, खालच्या कडेपासून अमुक इतक्या उंचीवर. गिऱ्हाईक सेट आणून देतं आणि तो कागद मात्र घरी डब्यात. मग लेथवाला जिथे मायक्रोमीटर बसेल तिथे मोजतो आणि अंदाजाने बोअर करतो. पुढे खडखड आली की शिव्या फोर्ज्डला.

दुसरं, तापमान. मे महिन्यात टेम्पोच्या हौद्यात उन्हात आलेला पिस्टन लगेच मोजला तर काय होतं बघा. बोअर ७५ मिलिमीटर धरा. २६१८ दर डिग्रीला मीटरमागे साधारण २२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फुगतो. ब्लॉकपेक्षा (सिलेंडर ज्यात असतात त्या सांगाड्यापेक्षा) पिस्टन १५ डिग्रीने गरम असला तर पंचवीसेक मायक्रॉनचा फरक तिथेच पडला. आपण क्लिअरन्स ठेवतो ७०-८०-१००, त्यात पंचवीस उन्हानेच वाढवले. मी दोन्ही रात्रभर शेजारी ठेवतो आणि सकाळी मोजतो. लोकांना वाटतं काका चालढकल करतात.

माझं मत विचाराल तर ४०३२ नीट क्लिअरन्सवर बसवला तर थंडीत दोन मिनिटं किंचित टकटक येते आणि मग कळतही नाही. पुण्याची थंडी म्हणजे फार तर आठ-दहा डिग्री, इथे बर्फ पडत नाही. २६१८ मात्र रोजच्या गाडीला मी स्वतःहून कधी सुचवत नाही. मऊ असतो, रिंगांचे खाचे लवकर मोठे होतात.

सदाशिव_पेठी

आमच्या गाडीला पंधरा वर्षं झाली, पिस्टन कुठल्या धातूचा आहे हे आजवर कळलेलं नाही. कळण्याची वेळ आली नाही, एवढंच सांगतो.

बाकी कोणी कायद्याचं काढलं नाही म्हणून काढतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत. त्याच मापाचा पिस्टन हा बदल की दुरुस्ती, यावर वकील तासभर बोलतील. विमा कंपनी मात्र क्लेमच्या वेळी हा प्रश्न नक्की विचारेल, तेव्हा आधी लेखी कळवलेलं बरं.

कॅमशाफ्टवाली

इंजिन टेस्टिंगमध्ये नोकरी करते. काकांशी नव्वद टक्के सहमत, पण एक मुद्दा सुटला.

गाडीच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. नॉकिंगचा (मिश्रण स्फोटासारखं एकदम जळण्याचा) आवाज या मापाच्या बोअरला साधारण सात-साडेसात किलोहर्ट्झला येतो. पिस्टन सैल असेल तर स्कर्टच्या आपटण्याची थरथर त्या पट्ट्यातही मिसळू शकते. ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) कळत नाही की हा पिस्टन वाजतोय, तो समजतो नॉकिंग होतंय आणि इग्निशन मागे ओढतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. परिणाम असा की पैसे घालून ताकदीचा पिस्टन बसवला आणि गाडी आधीपेक्षा मरगळली, ॲव्हरेजही पडलं. कंपनीचं कॅलिब्रेशन कंपनीच्या पिस्टनचा आवाज धरून केलेलं असतं. पिस्टन बदललात तर ईसीयूवर काम करणारा माणूसही लागतो, नुसता फिटर पुरत नाही.

पण पाना_बारा, "फोर्ज्ड रोजच्या गाडीत चालत नाही" हेही खरं नाही हं. होंडा एस-२००० मध्ये कंपनीनेच फोर्ज्ड पिस्टन दिले होते, ९००० आरपीएमपर्यंत फिरणारं इंजिन. पोर्शच्या ९११ टर्बोतही दिले. त्या गाड्या लोक भाजी आणायलाही नेतात. फरक इतकाच की तिथे पिस्टन, रिंगा, क्लिअरन्स, स्कर्टवरचं कोटिंग आणि कॅलिब्रेशन एकत्र ठरलेलं असतं.

घाटरस्ता

धन्यवाद ताई, हेच म्हणत होतो.

कॅमशाफ्टवाली

नाही, तुम्ही हे म्हणत नव्हतात. :) तुम्ही म्हणत होतात "फोर्ज्ड असता तर वाचला असता". टोयोटाच्या टू-जेझेड टर्बो इंजिनात पिस्टन ओतीवच आहेत, आणि लोक त्यातून मूळच्या दुप्पट ताकद काढतात, ट्यूनिंग नीट असेल तर. ट्यूनिंग चुकलं तर फोर्ज्डही वितळतो, ॲल्युमिनियमच आहे शेवटी.

घाटरस्ता

मान्य, पण ट्यूनिंग नीट असणं आपल्या हातात कुठे आहे? कोकणात कुठल्या तरी पंपावर पेट्रोल भरतो, टाकीत काय आलं ते देव जाणे. आता तर सगळीकडे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. या सगळ्यात एका वाईट टाकीपुरती तरी सूट पिस्टनने द्यावी, एवढीच माझी अपेक्षा.

पाना_बारा

ई-२० ला उगाच मध्ये ओढू नका. इथेनॉलने ऑक्टेन वाढतं, नॉकिंग कमीच होईल. त्याची रड वेगळी आहे: ॲव्हरेज आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप. आणि एवढी भीती असेल तर २०२० च्या डिसेंबरपासून पुण्यात १०० ऑक्टेनचं पेट्रोलही मिळतं. महाग आहे, पण घाटात जाताना एक टाकी भरणं आयात केलेल्या सेटपेक्षा स्वस्तच. सेट, ड्यूटी, रिंगा, गजन पिन, बोअरिंग, वर ताई म्हणतात तसं ईसीयूचं काम, बिल सहज लाखापुढे जाईल.

नवशिका_चाकण

डिझेलमध्ये फोर्ज्ड घालतात का? माझी डिझेल एसयूव्ही आहे.

लेथवाले_काका

नको. डिझेलच्या ओतीव पिस्टनमध्ये वरच्या रिंगेसाठी निकेलयुक्त बिडाचं कडं ओतलेलं असतं, तेच त्याचं कवच. मर्सिडीजने २०१४ पासून डिझेल कारमध्ये स्टीलचे पिस्टन दिलेत, पण तो कारखान्याचा खेळ. तुमचं इंजिन चालू आहे ना? मग उघडू नका.

सदाशिव_पेठी

मुंढव्यात क्रँकशाफ्ट फोर्ज होऊन जगभर जातात आणि पुण्यातला माणूस पिस्टनचा सेट मात्र बाहेरून मागवतो. असो.

घाटरस्ता

पाना_बारा, एक सरळ विचारतो. मित्राने उद्या रिमॅप करायचं ठरवलं तर?

पाना_बारा

तर माझं मत बदलेल. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढणार असेल तर ४०३२, आणि त्यासोबत रॉडही. पण तो म्हणतो करणार नाही, आणि त्याची बायको तर ठामपणे म्हणते करणार नाही.

लेथवाले_काका

मग कंपनीचा ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा किंचित मोठा पिस्टन) मिळतो का ते नाना पेठेत आधी विचारा. मिळाला तर त्यावर बोअर करू. नाही मिळाला तर लायनर (सिलेंडरमध्ये बसवायची नळी) घालून स्टँडर्डवर आणता येईल का ते ब्लॉक बघून सांगतो. तेही जमलं नाही तर ४०३२ मागवा, त्यात ओव्हरसाइज सहसा मिळतो. आणि काहीही ठरलं तरी ब्लॉक पाठवताना पिस्टन आणि त्याचा कागद सोबत पाठवा. जुना तुटलेला पिस्टनही टाकून देऊ नका, घेऊन या. डोक्यावर बारीक खड्डे दिसले तर नॉकिंग बरेच दिवस चालू होतं, आणि डोकं साफ असून नुसता कडाच तुटला असेल तर घाटरस्ता म्हणतात तो एकाच वेळचा दणका असण्याची शक्यता जास्त. ते बघितल्याशिवाय मी बोअर करत नाही.