मदत हवी आहे : औषधांच्या पाकिटावरचे इशारे नेमके कसे वाचायचे?

सांजवात :
नमस्कार मंडळी. सासरे ७४, सासूबाई ६९ आणि १४ महिन्यांचं, १० किलो वजनाचं बाळ, अशा तिघांची औषधं मला सांभाळायची आहेत. पाकिटावरचं बारीक इंग्रजी वाचता येतं, पण त्यावरून करायचं काय ते कळत नाही. समोर ठेवून लिहितेय :

१. मेटफॉर्मिन १००० मिग्रॅ, प्रोलाँग्ड रिलीज. 'चावू नये, कुस्करू नये' असं लिहिलंय. सासऱ्यांना एवढी मोठी गोळी गिळवत नाही, अर्धी करून दिली तर चालेल का? शिवाय त्यावर 'वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं' असंही छापलंय.
२. पँटोप्राझोल ४०, गॅस्ट्रो-रेझिस्टंट. कडेला लाल उभी रेघ.
३. अल्प्राझोलाम ०.२५. डाव्या कोपऱ्यात लाल रंगात 'एनआरएक्स' आणि लाल चौकटीत 'शेड्यूल एच-१'.
४. सासूबाईंची संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट २.५ आणि फॉलिक अ‍ॅसिड ५. दोन्ही पिवळ्या, बारीक. शिवाय गुडघे दुखले की अ‍ॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल.
५. बाळाचे पॅरासिटामॉलचे थेंब, आणि सर्दीचे थेंब, ज्यात क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन आहे.
६. डोळ्यांत घालायचे थेंब. मुदत पुढच्या वर्षीची आहे, पण बाटली तीन महिन्यांपूर्वी फोडली आहे.

कोणता इशारा नुसता कायद्यापुरता आणि कोणता जिवावर बेतणारा, हे कसं ओळखायचं?

चहाबिस्कीट :
लाल रेघ म्हणजे अँटिबायोटिक. २०१६ साली आरोग्य मंत्रालयाने त्याची मोठी मोहीम काढली होती. म्हणजे क्रमांक २ अँटिबायोटिक असणार. कोर्स पूर्ण करावा.

खलबत्ता :
चहाबिस्कीट, मोहीम अँटिबायोटिकसाठीच होती हे बरोबर, पण रेघेवरून तसा निष्कर्ष काढू नका. पँटोप्राझोल हे आम्लपित्ताचं औषध आहे, अँटिबायोटिक नव्हे. लाल रेघ किंवा लाल चौकट दिसली की 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही' एवढंच समजावं. आत काय आहे ते पाकिटावरच्या घटकाच्या नावावरून कळतं, रंगावरून नाही.

सांजवात, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला आधी हात घालतो. पाकिटावर दोन प्रकारचा मजकूर असतो. एक विक्रीचा, म्हणजे दुकानदाराने हे कुणाला आणि कसं विकायचं. दुसरा वापराचा, म्हणजे घेणाऱ्याने काय करायचं, काय टाळायचं. विक्रीचा मजकूर ठळक, चौकटीत आणि लाल असतो. वापराचा मात्र मुंगीएवढ्या अक्षरात, बहुधा साठवणुकीच्या ओळीच्या शेजारी. नजर पहिल्यावर जाते आणि घरात घोटाळे होतात ते दुसऱ्यामुळे.

विक्रीच्या खुणा अशा :

नुसतं 'आरएक्स' म्हणजे शेड्यूल एच (शेड्यूल म्हणजे औषधांच्या नियमांतली एक यादी). चिठ्ठी हवी.

लाल 'आरएक्स' आणि लाल कडेची चौकट म्हणजे शेड्यूल एच-१. हा वर्ग १ मार्च २०१४ पासून लागू झाला, सुरुवातीला ४६ औषधं होती. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन, क्षयाची औषधं, झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या यात येतात. मेडिकलवाल्याला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहावे लागतात आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपावं लागतं. त्यामुळे तो चिठ्ठी मागतो, नाव विचारतो, तेव्हा रागावू नका, तो काम नीट करतोय.

'एनआरएक्स' म्हणजे ते औषध १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखालीही येतं. अल्प्राझोलाम दोन्हीकडे बसतं. यावर न छापलेली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : रोज चालू असेल तर एका दिवसात बंद करायची नाही. अचानक थांबवली तर झोप उडते, हातपाय कापतात, क्वचित फिटही येते. पाकीट संपायच्या आठवडाभर आधी चिठ्ठी तयार ठेवा. सोबत दारू नाही, खोकल्याचं गुंगी आणणारं औषध नाही. आणि ७४ व्या वर्षी रात्री लघवीला उठताना तोल जाण्याची भीती खरी असते, म्हणून पलंगापासून संडासापर्यंत दिवा हवाच.

मेटफॉर्मिनवरचा 'देखरेखीशिवाय धोक्याचं' हा इशारा शेड्यूल जीचा आहे. इन्शुलिन, मधुमेहाच्या गोळ्या, अ‍ॅलर्जीची बरीच औषधं, सगळ्यांवर तेच वाक्य. गोळी विषारी आहे असा अर्थ नाही. तपासण्या आणि डॉक्टर यांच्याशिवाय परस्पर चालू ठेवू नका, हा आहे.

तिसरी_पाळी :
गोळी मोडण्याबद्दल लिहिते, कारण घरोघरी इथेच चुकतं.

नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर किंवा 'प्रोलाँग्ड रिलीज' असेल तर ती गोळी १२ ते २४ तास हळूहळू सुटावी म्हणून बांधलेली असते. कुस्करली की दिवसभराचा डोस तासाभरात अंगात उतरतो. मेटफॉर्मिनमध्ये त्याने मळमळ, जुलाब होतात आणि संध्याकाळी साखर वर राहते. रक्तदाबाच्या अशा गोळीत दाब एकदम कोसळू शकतो. मधोमध रेघ असली तरी उत्पादकाने मोडायला हरकत नाही असं लिहिलेलं नसेल तर मोडू नका.

यावर सोपा उपाय आहे. डॉक्टरांना सांगा, '१००० ची गिळवत नाही, ५०० च्या दोन लिहून द्या.' ५०० चीही मोठी वाटली तर साधी, लगेच सुटणारी मेटफॉर्मिन मिळते, ती दिवसात दोन-तीनदा विभागून देता येते. पण हा बदल डॉक्टरांनीच करायचा. गिळताना सरळ बसवा, आधी घोटभर पाणी, मग गोळी, मग पुन्हा पाणी, आणि हनुवटी थोडी छातीकडे. मान मागे टाकून गिळलं तर ठसका लागतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते : या प्रकारच्या गोळीचं रिकामं, मऊ टरफल शौचात जसंच्या तसं दिसू शकतं. औषध अंगात उतरलेलं असतं, उरतो तो सांगाडा. घाबरून दुसरी गोळी देऊ नका.

गॅस्ट्रो-रेझिस्टंट किंवा एंटेरिक कोटेड म्हणजे वरचं कवच पोटातल्या आम्लात टिकतं आणि आतड्यात विरघळतं. पँटोप्राझोल आम्लात नासतं म्हणून ते कवच. कुस्करली की गोळी फुकट. जेवणाच्या अर्धा तास आधी, अख्खी, पाण्याबरोबर.

डोळ्यांचे थेंब आजच टाकून द्या. छापलेली मुदत सीलबंद बाटलीची असते. 'उघडल्यावर एक महिन्यात वापरा' ही ओळ बाटलीवरच असते, शोधा. पापणीला किंवा बोटाला टोक लागलं की जंतू आत जातात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. बाटली फोडली की मार्करने तारीख तिच्यावरच लिहा, खोक्यावर नको, खोकं पहिल्याच दिवशी हरवतं.

बालघुटी :
बाळाच्या औषधांवर सर्वांत आधी 'प्रत्येक ५ मिलीमध्ये' लिहिलंय की 'प्रत्येक मिलीमध्ये' ते पाहा. पॅरासिटामॉल आपल्याकडे निदान तीन ताकदींत मिळतं आणि खोक्यांवरची चित्रं एकसारखी. डॉक्टर साधारण १० ते १५ मिग्रॅ दर किलोला धरतात. १० किलोच्या बाळाला १५ च्या हिशेबाने १५० मिग्रॅ म्हणजे :

थेंब, १ मिलीमध्ये १०० मिग्रॅ : १.५ मिली
सिरप, ५ मिलीमध्ये १२० मिग्रॅ : सव्वासहा मिली
सिरप, ५ मिलीमध्ये २५० मिग्रॅ : ३ मिली

थेंबांच्या बाटलीतून सवयीने सव्वासहा मिली ओतलं तर ६२५ मिग्रॅ जातं, चौपटीहून जास्त. म्हणून 'किती मिली' एवढंच लक्षात ठेवू नका, 'किती मिलिग्रॅम आणि कोणत्या बाटलीतून' हे लिहून ठेवा. मोजायला बाटलीसोबतचा ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज. घरातला चहाचा चमचा अजिबात नाही, प्रत्येक घरचा वेगळा. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला लावू नका, खुणा वेगळ्या असतात. दोन डोसांत निदान ४ ते ६ तास.

सर्दीचे ते थेंब देऊ नका. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन या जोडीवर 'चार वर्षांखालील मुलांना वापरू नये' असा इशारा छापा, असा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये उत्पादकांना दिला. त्याआधी छापलेल्या खोक्यावर तो नसेलही, म्हणून नावं वाचा. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब आणि अंगावरचं दूध किंवा पाणी वारंवार. छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल तर घरी थांबायचं नाही.

पुढे कधी पूड असलेलं अँटिबायोटिक सिरप आणलंत तर : बाटली आपटून पूड मोकळी करा, उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घाला, हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. फेसालाच खूण समजून थांबलात तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक डोस जास्त तीव्र होतो. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक फ्रिजमध्ये ७ दिवस, पुढे उरलं तरी ओतून द्यायचं.

सांजवात :
खूप उपयोग होतोय. सर्दीचे थेंब बाजूला काढले. डोळ्यांच्या बाटलीवर ती ओळ खरंच आहे, चिकटवलेल्या कडेखाली लपली होती. मेथोट्रेक्सेटबद्दल कुणी लिहिलं नाही. चिठ्ठीवर '३ गोळ्या, आठवड्यातून एकदा' आहे. मी ती बाकी गोळ्यांसोबत सात खणांच्या डबीत भरते.

खलबत्ता :
बरं झालं विचारलंत. तुमच्या यादीत सर्वांत जपायचं औषध हेच, आणि त्याच्या पाकिटावर लाल रंग कितीही असला तरी त्यावरून हे लक्षात येत नाही. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर रक्त तयार करणारी अस्थिमज्जा बसते, तोंड सोलवटतं, माणूस दगावूही शकतो. रोजच्या डबीत ती भरू नका. आजच काढा, आणि गेल्या काही दिवसांत रोज गेली नाही ना, हे उरलेल्या गोळ्या मोजून पाहा. हिशेब जुळला नाही तर त्रास दिसायची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना फोन करा.

मग असं करा. वेगळी छोटी डबी, तिच्यावर ठळक वार, समजा 'रविवार'. 'सोमवार' टाळा, घाईत 'सकाळ'ची खूण समजली जाते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक डोसानंतर काट. २.५ च्या तीन म्हणजे ७.५ मिग्रॅ. हेच औषध ७.५ आणि १० च्या गोळीतही येतं, म्हणून मेडिकलमधून पाकीट घेताना आकडा वाचा. १० च्या तीन गेल्या तर ३० होतात. घरात एकाच ताकदीची गोळी ठेवा. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी, बहुधा मेथोट्रेक्सेटच्या दिवशी नाही. दोन्ही पिवळ्या आणि बारीक असल्यामुळे पाकिटातून काढून एकत्र ठेवायच्या नाहीत.

तोंडात फोड, ताप, घसा दुखणं, अंगावर निळे डाग, कोरडा खोकला आणि धाप, यातलं काही दिसलं तर पुढचा डोस थांबवून लगेच दाखवा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कुणी ट्रायमेथोप्रिम असलेली गोळी, म्हणजे कोट्रायमॉक्साझोल, लिहीत असेल तर 'मेथोट्रेक्सेट चालू आहे' हे आधी सांगा. ही जोडी धोक्याची आहे. अ‍ॅसिक्लोफेनॅकचंही संधिवाताच्या डॉक्टरांना सांगून ठेवा, मूत्रपिंडावर ताण पडला की मेथोट्रेक्सेट अंगात साचतं.

तिसरी_पाळी :
अ‍ॅसिक्लोफेनॅकच्या गोळीत पॅरासिटामॉलही आहे, त्याकडे लक्ष असू द्या. पाकिटावर 'रोजच्या मात्रेपेक्षा जास्त पॅरासिटामॉल घेतल्यास यकृताला गंभीर इजा' हे वाक्य असतं, पण बेरीज घरातच करावी लागते. गुडघ्याची ३२५ ची गोळी दोनदा ६५०, सर्दीची ५०० ची तीनदा १५००, तापाची ६५० ची चारदा २६००. झाले ४७५० मिग्रॅ. मोठ्या माणसाची कमाल मर्यादा दिवसाला ४००० आहे, आणि मेथोट्रेक्सेट स्वतःच यकृतावर ताण देतं, त्यामुळे सासूबाईंची मर्यादा त्याहून कमी असेल, डॉक्टरांना विचारून आकडा लिहून घ्या. ब्रँडची नावं तीन, औषध एकच. म्हणून प्रत्येक पाकिटाच्या मागे 'प्रत्येक गोळीत' नंतरचा शब्द वाचा.

सांजवात :
मोजल्या. मागच्या रविवारच्या तीनच गेल्यात, हिशेब जुळला. आता वेगळ्या डबीत ठेवल्या. शेवटचं : मेडिकलवाला चार-पाच गोळ्या कापून देतो, त्यावर मुदत येतच नाही. आणि आमच्याकडे मे महिन्यात घर ४० च्या वर तापतं, पाकिटावर तर ३० अंशांच्या खाली लिहिलंय.

खलबत्ता :
मुदत आणि बॅच नंबर पाकिटाच्या एका टोकाला असतात. 'दुसऱ्या टोकाकडून कापा' म्हणा. उरलेला तुकडा त्याच्याकडे राहणार असेल तर मोबाइलवर त्या टोकाचा फोटो घ्या. बिल मागा, त्यावर बॅच आणि मुदत छापलेली असते. एखाद्या बॅचवर बंदी आली तर तोच नंबर तुमच्या हातात हवा. मुदत नुसती महिना आणि वर्ष अशी असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं.

उन्हाळ्यात औषधं घरातल्या सर्वांत गार खोलीत, खालच्या बंद कप्प्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात. फ्रिजच्या डोक्यावर नको, तिथे गरम हवा येते. न्हाणीघर, गॅसचा ओटा, स्कूटरची डिकी नको. '२ ते ८ अंश' लिहिलेलंच औषध फ्रिजमध्ये, तेही फ्रीजरजवळ किंवा दारात नाही. इन्शुलिन एकदा गोठलं की वितळूनही निकामीच.

आणि औषधाने पुरळ, सूज, धाप असं काही झालं तर आधी दवाखाना, मग पाकीट फेकून न देता १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर नोंद करा. औषधांचे दुष्परिणाम नोंदवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा हा क्रमांक आहे, कामाच्या दिवशी चालू असतो. पलीकडून ते बॅच नंबर विचारतील, म्हणून पाकीट हातात घेऊनच फोन लावा.