थर्मोफोनचं मॉडेल: फॉइल हलवली तरी आवाज शून्य का?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे: थर्मोफोन, म्हणजे करंटने पातळ पट्टी तापवून आवाज काढणं, आणि त्याचं कॉम्प्युटर मॉडेल. घरातल्या ११ मायक्रॉन अॅल्युमिनियम फॉइलची बारीक पट्टी ऑडिओ अॅम्पला जोडून १ किलोहर्ट्झ सोडतो. कान टेकवला तर जेमतेम ऐकू येतं, पण मोबाईलच्या अॅपमध्ये २ किलोहर्ट्झ दिसतं! मॉडेलमध्ये फॉइलला स्पीकरच्या पडद्यासारखं धरलंय, उत्तर जवळपास शून्य. गाईड सर म्हणतात, मेश (मॉडेलमध्ये जागेचे तुकडे पाडणारी जाळी) बारीक कर. किती?

अंबडचा वायंडर:
आधी सांग, सीरिजमध्ये रेझिस्टर टाकलायस ना? फॉइल म्हणजे जवळपास शॉर्टच, अॅम्प जाईल.

अरे, फॉइल हलतच नाही. तिला लागून असलेली हवा तापून फुगते, निवली की आकसते, आवाज तिचा. आणि २ किलोहर्ट्झच यायला हवं. उष्णता करंटच्या वर्गावर जाते, म्हणजे प्लस अर्ध्यातही तापणार आणि मायनस अर्ध्यातही. १ किलोहर्ट्झच पाहिजे असेल तर डीसी बायस दे, म्हणजे सिग्नलसोबत एकाच दिशेचा स्थिर करंट, वेगळ्या सप्लायने.

मेशचं म्हणशील तर तो तापणारा हवेचा थर २ किलोहर्ट्झला साधारण ६० मायक्रॉन जाड. तेवढ्यात मेशचे पाच-सहा एलिमेंट (तुकडे) बसव, लांब गेल्यावर ढोबळ चालेल.

पण मेशने फॉइल पातळ होणार नाही. घनता, विशिष्ट उष्मा आणि जाडी यांचा गुणाकार कर: दर चौरस मीटरला, दर अंशाला किती ज्यूल लागतात ते कळेल. तुझ्या फॉइलला २७ च्या आसपास. १९१७ मध्ये अर्नोल्ड आणि क्रँडल यांनी ०.७ मायक्रॉनचं प्लॅटिनम वापरलं, त्याला २. २००८ मध्ये चीनच्या त्सिंगहुआ विद्यापीठात कार्बन नॅनोट्यूबची फिल्म वाजवली, तिला ०.००७७! तुझी बहुतेक उष्णता फॉइलच गिळते. ही टर्म नव्या मॉडेलमध्ये घातलीच नाहीस, तर आकडे भलतेच फुगतील.

पंचवटी_पोरगा:
काका, सराफ बाजारातून चांदीचा वर्ख आणून काचेवर चिकटवला तर?

अंबडचा वायंडर:
वर्ख झकास, काच नको. तिची उष्णता ओढायची ताकद हवेच्या साधारण अडीचशेपट, मग हवेच्या वाट्याला काय येणार? दोन तांब्याच्या पट्ट्यांवर मधोमध अधांतरी टेकव. पंखा बंद ठेव, फुंकरीनेही फाटतो.

गंगापूररोडकर:
रेझिस्टर आहे काका, ८ ओहमचा. पडद्याचं मॉडेल काढून टाकतो, आधी एका मितीत हवा आणि फॉइल सोडवतो. वर्खाला सोल्डर चालणार नाही ना? सिल्व्हर पेस्ट नाशकात कुठे मिळेल?