संगीत नाटकाची गोडी लावायची, तर आधी चित्रपट दाखवावा की देवळातला प्रयोग?

मागची रांग (फोंडा):

माझ्या सतरा वर्षांच्या भाच्याने 'कट्यार काळजात घुसली' हा २०१५ सालचा चित्रपट निदान चार वेळा पाहिला आहे आणि त्यातली गाणी तो दिवसभर गुणगुणत असतो. म्हणून यंदा आमच्या देवस्थानाच्या उत्सवात गावच्या हौशी मंडळींनी हा चित्रपट ज्यावरून निघाला ते मूळ संगीत नाटक बसवले, तेव्हा मी त्याला मोठ्या हौसेने घेऊन गेलो. पालखी आत जाऊन पडदा वर जायला रात्रीचे बारा वाजले. तोवर त्याने जत्रेतल्या खाज्याची अख्खी पुडी संपवली होती. पहिल्याच पदाला दोन वन्स मोअर मिळाले, त्यानंतर एका यजमानांनी गायकाला पाचशे एक रुपयांचे बक्षीस दिल्याची घोषणा मध्येच झाली, आणि गायकाने हात जोडून तेच पद तिसऱ्यांदा उचलले. भाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मामा, गोष्ट थांबली काय?" अडीचच्या सुमारास तो खुर्चीतच झोपी गेला.

चित्रपट मलाही आवडला होता, पण त्यात गायक एक तान घेऊन दुसरीकडे वळतो न वळतो तोच कॅमेरा ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर जातो, आणि गाणाऱ्याला पुढची वाट सापडताना पाहण्यातली मजा हातची जाते. देवळात ती मजा मिळते, मात्र त्यासाठी रात्र जागावी लागते. नव्या मुलाला आधी काय दाखवावे? माझा क्रम चुकला का?

पायपेटी (डिचोली):

अशा प्रयोगांना मी अनेक वर्षे ऑर्गनची, म्हणजे पायपेटीची, साथ करतो, त्यामुळे थोडे घरातले बोलतो. क्रम चुकलेला नाही, पण भाच्याचा प्रश्न मात्र अगदी बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी द्यायला हवे.

जुन्या 'सौभद्र' या संगीत नाटकात शंभराहून अधिक पदे होती आणि प्रयोग रात्रभर चालत. मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी यांनी १९६४ सालच्या 'मत्स्यगंधा'त आणि १९६७ सालच्या 'कट्यार'मध्ये चाली दिल्या, तेव्हा पद आटोपशीर असावे आणि ते प्रसंगाच्या पोटातून यावे, याकडे त्यांनी कटाक्षाने लक्ष दिले. आज आपण ज्याला परंपरा म्हणून कवटाळतो, ती त्या वेळची काटछाटच होती, तेव्हा चित्रपटाने गाणी आखूड केली म्हणून त्याच्यावर रागावण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

'घेई छंद मकरंद' या एकाच पदाला 'कट्यार'मध्ये दोन चाली आहेत, कारण ते पंडितजी आणि खाँसाहेब हे नाटकातले दोन प्रतिस्पर्धी गायक आपापल्या ढंगाने गातात. पंडितजींची चाल सालगवराळी रागात संथ उलगडत जाते, तर खाँसाहेबांची धानी रागातली चाल उसळत येते. शब्द तेच असूनही गायकीच्या दोन घराण्यांचे स्वभाव आणि त्यांच्यातले भांडण ऐकणाऱ्याला कळते. म्हणजे इथे गाणे सुरू झाले की गोष्ट थांबत नाही, ती गाण्यातूनच पुढे जाते. चित्रपटात हा फरक कानाला लगेच जाणवतो, कारण खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगांवकरांना राहुल देशपांडे यांचा आवाज आहे आणि पंडितजींची भूमिका करणारे शंकर महादेवन स्वतःच गातात.

आमच्या गावोगावच्या प्रयोगांत मात्र पंडितजी आणि खाँसाहेब हे दोघेही बहुधा एकाच गुरुजींकडे शिकलेले असतात. दुसऱ्या वन्स मोअरला पंडितजी अशा ताना मारू लागतात, की पायपेटीवर बसून मला वाटते, हे तर खाँसाहेबांचे घर लुटायला निघाले. टाळ्या कडाडून पडतात, बक्षीस येते, आणि दोन घराण्यांचे भांडण नाटकातून नाहीसे होते. मग मुलाने गोष्ट थांबली का म्हणून विचारले, तर त्याला काय सांगणार?

चवथीची सून (मडगाव):

पायपेटीवाल्यांचे म्हणणे पटले, तरी चित्रपट मला फार सजवलेला वाटतो. शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी ऐकायला गोड आहेत, पण जुन्या पदांशेजारी ठेवली की मधला सांधा दिसतो. अर्थात 'सूर निरागस हो' आता आमच्या वाड्यावर चवथीला घुमट हे वाद्य वाजवून केलेल्या आरतीनंतर हमखास गायले जाते, आणि तिथे मीच सर्वांत मोठ्याने गाते, हेही कबूल करते.

मुलांना आधी नुसते ऐकवावे, असे माझे मत आहे. गोव्याचेच रामदास कामत यांची 'मत्स्यगंधा'तली ध्वनिमुद्रणे जेवताना सहज लावून ठेवावीत. पाहण्याचे नंतर बघता येईल.

पायपेटी (डिचोली):

सांधा दिसतो हे खरे, पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. चित्रपटातले 'अरुणि किरणी' हे नवे गाणे गाणारे महेश काळे अभिषेकीबुवांचे शिष्य आहेत, आणि त्याच चित्रपटातल्या गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चाल नवी असली तरी गळा अभिषेकीबुवांच्याच तालमीतला आहे.

मागची रांग (फोंडा):

सर्वांचे आभार. काल जेवणानंतर भाच्याला दोन्ही चाली लागोपाठ ऐकवल्या. धानीतली त्याला लगेच आवडली. सालगवराळीतली 'झोप आणणारी' आहे असे तो म्हणाला, त्यावर मी चिडलो आणि माझ्या बहिणीने आम्हा दोघांनाही गप्प केले. मात्र पंडितजी खाँसाहेबांसारख्या ताना घेतात, ही गोष्ट त्याने त्या रात्री झोपण्याआधीच हेरली होती, असे त्याचे म्हणणे आहे. मला स्वतःला ती जाणवली नव्हती. मी वन्स मोअर ओरडण्यात गुंतलो होतो.

पुढच्या प्रयोगाला यायला तो तयार आहे, पण मागच्या रांगेत माझ्याशेजारी बसणार नाही म्हणतो. ऑर्गनवरची बोटे दिसतील अशी जागा त्याला हवी आहे. पायपेटीवाले, रंगमंचाच्या कोपऱ्यात तुमच्या बाजूला एखादे स्टूल मावेल का?