विनोदी मालिकेत अचानक आलेला पाहुणा : तुमचे अनुभव लिहा

परवा पाचपाखाडीतलं घर आवरताना 'फ्रेंड्स' या अमेरिकन विनोदी मालिकेच्या सीड्या सापडल्या. कॉपी केलेल्या, वर स्केचपेनने 'सीझन ८'. ब्रॅड पिट येतो तो भाग त्यातच आहे, २२ नोव्हेंबर २००१ ला अमेरिकेत दाखवलेला. शाळेत जाड्या असलेला विल, म्हणजे पिट, आता सडपातळ होऊन जेवायला येतो आणि रेचेलला बघताच त्याचा तिळपापड होतो. त्याने आणि रॉसने मिळून शाळेत तिच्याविरुद्ध चक्क क्लब काढलेला असतो. विल दातओठ खातो आणि सेटवरचे प्रेक्षक फुटतात. मी आपली बावळटासारखी बघतेय, एवढं हसण्यासारखं काय आहे यात? मैत्रिणीने डोक्यावर टपली मारली, "अगं, नवरा आहे तो तिचा!" रेचेलचं काम करणाऱ्या जेनिफर ॲनिस्टनशी पिटचं २००० सालीच लग्न झालेलं. मग तोच भाग पुन्हा लावला आणि पोट दुखेपर्यंत हसले. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट पडद्यावरच्या माणसांच्या गावीही नाही, सगळी मजा तिथेच.

तुम्हाला कोणता पाहुणा आठवतो? कुठे, कुणाबरोबर पाहिला तेही लिहा. नुसती नावं नकोत.

महाप्याची नाइट शिफ्ट
आमच्या कॉल सेंटरमध्ये उच्चार सुधारायला 'फ्रेंड्स' दाखवायचे. पगार घेऊन 'फ्रेंड्स' बघितलेले आम्हीच! ब्रूस विलिस तीन भागांत आहे, रॉसच्या मैत्रिणीचा बाप. चारचौघांत वाघ, पण एकटा असला की आरशासमोर स्वतःचंच कौतुक करतो आणि रॉस पलंगाखाली लपून ते ऐकतो. 'फ्रेंड्स'मधल्याच मॅथ्यू पेरीशी लावलेली पैज हरला म्हणून विलिसने हे काम फुकट केलं आणि वर त्याला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. आमचा टीम लीडर एकदा वॉशरूमच्या आरशाशी बोलताना सापडला. पुढे तो कंपनी सोडेपर्यंत 'विलिस'च होता, बिचाऱ्याला कारण कळलं नाही.

विष्णुनगरचे काका
आमच्या वेळी एकच माणूस दर भागात नवा पाहुणा व्हायचा. १९८४ चं 'ये जो है जिंदगी', सतीश शाह. आज साहेब, उद्या आणखी कुणी. वाड्यात टीव्ही एकाच घरी, त्यामुळे पुढे कोण बसणार यावर भांडणं. तुम्ही म्हणाल तो पाहुणा कुठला, तो तर घरचाच. असेल. आम्ही वाट बघायचो ती त्याचीच.

कळव्याहून
ब्रॅड पिटचा भाग मध्यंतरी पुन्हा पाहिला. विल-रॉसच्या त्या क्लबने रेचेलबद्दल उठवलेल्या अफवेवरचा विनोद आता नाही झेपला. लिंगावरून कुणाची टर उडवणं तेव्हा कसं चाललं, कोण जाणे. पिट मात्र झकास.

घोडबंदर रोड, सहावा मजला
आमच्या मागच्या बंगल्यात मालिकांचं शूटिंग असतं. एकदा स्पॉटदादाने वॉचमनला सांगितलं की आज मोठा पाहुणा येणार. वॉचमनने सांगितलं पूर्ण सोसायटीला. सासूबाई नवी साडी नेसून गॅलरीत. दुपारी दोन ते सहा जनरेटरची घरघर ऐकली. शेवटी व्हॅनिटीचं दार उघडलं, चार छत्र्या पुढे सरसावल्या आणि मला दिसलं एक कोपर. होय, कोपर! सासूबाई ठामपणे म्हणतात की त्याने वर बघून हात केला. भाग लागला तेव्हा स्टॉपवॉच लावलं, पाहुणा भरला चाळीस सेकंद. त्यात आमची गॅलरी मागे दिसते, पण तिच्यात फक्त वाळत घातलेली चादर.

वाशी, सेक्टर १७
माझी आजी ब्याऐंशीची, इंग्रजीचा गंध नाही. लॉकडाउनमध्ये तिला 'आय लव्ह लूसी' या जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेतला, विनोदी नट हार्पो मार्क्सचा १९५५ चा भाग लावून दिला. लूसी हार्पोचं सोंग घेऊन बसलेली आणि खरा हार्पो दारात. पकडलं जाऊ नये म्हणून ती त्याचं आरशातलं प्रतिबिंब बनते. तो हात उचलतो, ती उचलते. हार्पो पडद्यावर कधी बोलतच नाही, त्यामुळे भाषेचा प्रश्नच मिटला. आजी पदर तोंडावर धरून हसत होती. आता फोन हातात दिसला की म्हणते, "तो मुका पाव्हणा लाव रे."