स्पोर्ट्स कार जोरात चालवायची आहे, पण तिचे नुकसान होऊ द्यायचे नाही: जाणकारांचा सल्ला हवा

शिवाजी पार्ककर यांचा प्रश्न:

सप्रेम नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी मी २०१४ सालची पोर्शे ९११ कॅरेरा एस विकत घेतली. मी तिचा दुसरा मालक आहे. गाडीचे इंजिन टर्बो नसलेले, ३.८ लिटरचे आणि ४०० अश्वशक्तीचे आहे. गिअरबॉक्स पीडीके, म्हणजे पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक, आहे. अशी गाडी घ्यायची हे कॉलेजपासूनचे स्वप्न होते, त्यामुळे तिची काळजी घेण्यात मी कुठेही कमी पडू इच्छित नाही.

अडचण अशी की मी आजवर आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा ४,५०० च्या वर जाऊच दिलेला नाही. गाडी जितकी हळू चालवावी तितकी ती टिकते, असे आमच्या वडिलांचे मत, आणि त्यांनी एकच गाडी बावीस वर्षे वापरली असल्याने त्यांच्या शब्दाला घरात वजन आहे. याउलट, गाडी तपासून देणाऱ्या मेकॅनिकने मला बजावले की हे इंजिन अधूनमधून मोकळे सोडले नाही तर ते बसून जाईल. यातले खरे काय? पुढच्या फेब्रुवारीत चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवू देतात त्या दिवशी, जाण्याचाही विचार आहे. तिथे गाडी दामटताना इंजिन, ब्रेक आणि टायर यांना इजा होऊ नये म्हणून आधी काय करावे आणि नंतर काय करावे, हे कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त यंत्र अभियंता यांचे उत्तर:

नमस्कार. तुमच्या वडिलांचे म्हणणे त्यांच्या गाडीपुरते बरोबर असेल, पण या इंजिनाला ७,००० आरपीएम हा त्रास नसून त्याचे नेमून दिलेले काम आहे. त्याची कमाल अश्वशक्ती ७,४०० ला मिळते आणि ७,८०० ला संगणक स्वतःच इंधन तोडतो. इजा होते ती त्या आकड्याने नव्हे, तर तेल गार असताना तो आकडा गाठल्याने.

तुमच्या गाडीत पाण्याचे आणि तेलाचे तापमान वेगवेगळे दिसते. पाणी ९० अंशांवर लवकर पोहोचते आणि माणूस फसतो, कारण त्या वेळी तेल अजून साठ-पासष्टवरच रेंगाळत असते. पिस्टन, सिलिंडर आणि बेअरिंग यांच्यातील फटी गरम अवस्थेच्या हिशेबाने आखलेल्या असतात, आणि गार, दाट तेल त्या फटींत हवे तसे खेळत नाही. म्हणून तेल ८० अंशांच्या पुढे जाईपर्यंत ३,००० ते ३,५०० च्या आत राहावे आणि ॲक्सिलरेटर निम्म्याहून अधिक दाबू नये. इमारतीखाली गाडी चालू ठेवून ती तापवत बसणे मात्र टाळावे. नुसत्या आयडलवर तेल फार सावकाश तापते आणि तेवढा वेळ इंजिन जादा पेट्रोलवर चालते. सुरू करून अर्ध्या मिनिटात निघावे आणि हलक्या पायाने चालवत तापवावे.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कमी आरपीएमवर जास्त भार टाकणे हे जास्त आरपीएमपेक्षा अधिक घातक असते. मॅन्युअल मोडमध्ये वरच्या गिअरला कमी वेगाने जाताना पुढच्या गाडीला ओलांडण्यासाठी पेडल जोरात दाबले, तर प्रत्येक स्फोटाचा दाब पिस्टनवर आणि बेअरिंगवर जास्त वेळ बसतो आणि नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून ठोके बसण्याची, शक्यता वाढते. अशा वेळी आधी दोन-तीन गिअर खाली यावे, मग जोर द्यावा. चुकीच्या वेळी खालचा गिअर मागितला तर पीडीके तो टाकतच नाही, हे तुमचे भाग्य समजा. हाताच्या गिअरची गाडी असणाऱ्या माझ्या मित्राने पाचव्याऐवजी तिसरा गिअर टाकला, तेव्हा इंधन तोडणारा रेव्ह लिमिटर काहीही करू शकला नाही, कारण त्या क्षणी इंजिनाला चाके फिरवत होती.

तुमच्या मेकॅनिकचे म्हणणेही अर्धे खरे आहे. दादरहून लोअर परळला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे, एवढ्याच वापरात तेल नीट तापत नाही. त्यात पाण्याची वाफ आणि न जळलेले पेट्रोल साठत जाते. अशी गाडी किलोमीटरने कमी चाललेली दिसते, पण तिचे तेल लवकर खराब होते. म्हणून तेल किलोमीटर मोजून नव्हे, तर दरवर्षी बदलावे. कंपनीने या इंजिनासाठी ९८ ऑक्टेनचे, म्हणजे नॉकिंग अधिक रोखणारे, पेट्रोल सुचवले आहे. इंडियन ऑइलने २०२० च्या डिसेंबरमध्ये १०० ऑक्टेनचे एक्सपी १०० बाजारात आणले, ते ज्या पंपांवर मिळते तिथून भरावे, निदान ज्या दिवशी गाडी जोरात चालवणार त्या दिवशी तरी.

आणखी एक, खास आपल्या मुंबईसाठी. तुमचे इंजिन मागे असले तरी रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कडेच्या तोंडांमागे आहेत. तिथे रस्त्यावरचा सगळा केरकचरा जाऊन बसतो. झाडांखाली गाडी उभी राहत असेल तर ट्रॅकवर जाण्याआधी ती तोंडे उघडून साफ केल्याशिवाय जाऊ नये.

ठाण्याचा ट्रॅकवाला यांचे उत्तर:

इंजिनाबद्दल वर लिहिलेल्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. पण ट्रॅकवर सर्वात आधी हार मानतात ते ब्रेक, आणि हे मी स्वतः भोगले आहे.

माझ्या पहिल्या ट्रॅक डेला चौथ्या फेरीत, सरळ पट्टा संपून वळणाआधी ब्रेक मारला आणि पेडल थेट खाली गेले. रस्त्याकडेला मोकळी जागा होती म्हणून मी आणि गाडी दोघेही वाचलो. महिन्याभरापूर्वीच्या सर्व्हिसच्या बिलावर ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद होती. परत आल्यावर दुसऱ्या मेकॅनिकने माझ्यासमोर ब्रेक ऑइल बाहेर काढण्याचे निपल सैल केले, तेव्हा पारदर्शक नळीतून कोऱ्या चहाच्या रंगाचे तेल आले. ते निदान दोन पावसाळे जुने असावे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओलावा शिरल्यावर मात्र तो १५५ पर्यंतही खाली येऊ शकतो. त्या तापमानाला तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाचा दाब चाकाच्या डिस्कला आवळणाऱ्या पॅडपर्यंत पोहोचण्याऐवजी बुडबुडे दाबण्यातच संपतो. मुंबईची दमट हवा पाहता, ट्रॅक डेच्या आधीच्या आठवड्यात तेल समोर उभे राहून बदलून घ्यावे आणि पॅडची जाडी निम्म्याहून कमी असेल तर नवे पॅड टाकावेत.

मद्रासचा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा आहे. पहिली फेरी टायर आणि इंजिनाचे तेल तापवण्यासाठी, मग चार-पाच फेऱ्या मनासारख्या आणि शेवटची फेरी ब्रेकला जवळजवळ न शिवता, वरच्या गिअरमध्ये, वाऱ्याने गाडी थंड करण्यासाठी, असा क्रम ठेवावा. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, थांबल्यावर पेडलवर पाय दाबून ठेवू नये. तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी टेकून राहिला की तिथे त्याचा थर चिकटतो आणि पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते. लोक त्याला डिस्क वाकली असे म्हणतात, पण बहुतेक वेळा तो हा थरच असतो.

टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचे रबर मी ट्रॅकवर नेणार नाही. हवा सकाळी गार असताना मोजावी आणि दर वेळी पिटमध्ये परतल्यावर पुन्हा मोजून वाढलेली सोडावी, कारण तापल्यावर दाब सहज चार-पाच पीएसआयने चढतो. संध्याकाळी परतण्याआधी ती पुन्हा भरायला विसरू नये.

शिवडीचा वाटसरू यांचे उत्तर:

ट्रॅक डे फेब्रुवारीत आहे, तोवर काय, याचे उत्तर देतो. कोस्टल रोडवर मर्यादा ८० ची आणि बोगद्यात ६० ची आहे, अटल सेतूवर १०० ची. तुमच्या गाडीचा पहिला गिअर लाल पट्ट्याजवळ पोहोचतो तेव्हा वेग सत्तरच्या घरात असतो, आणि दुसऱ्या गिअरमध्ये १०० ला काटा सुमारे ६,००० वर असतो. म्हणजे रविवारी पहाटे रिकाम्या सेतूवर, तेल तापल्यानंतर, कायदा न मोडताही इंजिन मोकळे करता येते. सेतू जवळजवळ २२ किलोमीटरचा असल्यामुळे परतीच्या वाटेवर ते निवांत थंडही होते. कोणाबरोबर शर्यत लावण्याचा मोह झाला तर मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ त्यासाठीच आहे, आणि सेतूवर इतरांचीही कुटुंबे प्रवास करत असतात.

विम्याचे कागदही वाचावेत. आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो, त्यामुळे ट्रॅकवर पत्रा वाकला तर खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागेल असे धरूनच जावे.

शिवाजी पार्ककर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल बंपरची जाळी उघडून घेतली. उजवीकडे फारसे काही नव्हते. डाव्या रेडिएटरसमोरून मात्र रेन ट्रीच्या कुजलेल्या पानांचा दोन ओंजळी लगदा आणि दुधाची एक रिकामी पिशवी निघाली. ब्रेक ऑइलसाठी शनिवारची वेळ ठरवली आहे आणि नळी लावताना मी तिथेच उभा राहणार आहे. आज पहाटे वडिलांना शेजारी बसवून सेतूवर गेलो. तेल ९२ अंशांवर आल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये प्रथमच ६,००० पर्यंत गेलो. ते काही बोलले नाहीत, पण परतताना सेतूच्या पलीकडच्या टोकाच्या चिर्ल्याहून निघाल्यापासून शिवडी येईपर्यंत तेलाचा आकडा तेच मला वाचून दाखवत होते.