मदत हवी आहे: जमैकातल्या 'डीजे'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी जमैकन गायक डेमियन मार्लीवर लेख लिहितोय आणि चार दिवस एकाच शब्दापाशी अडकलोय: डीजे. मसुदा आईला दिला, तर तिने विचारलं, "हा मिरवणुकीत वाजवतो का रे?" तिचं बरोबरच आहे, आपल्याकडे डीजे म्हणजे ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती. जमैकात तबकड्या लावतो तो सिलेक्टर; त्या ठेक्यावर माइक घेऊन तालात शब्द फेकतो तो डीजे. डान्सहॉल हा तिथला नाचाचा संगीतप्रकार याच माणसावर उभा आहे आणि डेमियन त्यातलाच. हे वाचकाला कळलं नाही तर लेख वाया गेला.

बाकी मजकूर जुळलाय. जन्म १९७८, रेगे या जमैकन संगीतप्रकारातले विख्यात गायक बॉब मार्लींचा धाकटा मुलगा. वडील १९८१ मध्ये गेले तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. आई सिंडी ब्रेकस्पिअर १९७६ ची मिस वर्ल्ड. 'हाफवे ट्री' अल्बमला २००२ मध्ये ग्रॅमी, 'स्टोनी हिल'ला २०१८ मध्ये. मधल्या २००६ मध्ये 'वेलकम टू जॅमरॉक'ला दोन: अल्बमला रेगेचं, शीर्षकगीताला अर्बन-ऑल्टरनेटिव्ह विभागातलं. मला हे दुसरं फार मोलाचं वाटतं. पर्यटकांना न दिसणारी जमैकातली गरिबी आणि गोळीबार सांगणारं गाणं रेगेच्या कप्प्याबाहेरही मानलं गेलं! २०११ च्या 'सुपरहेवी' या बँडमध्ये तो रोलिंग स्टोन्सचा गायक मिक जॅगर आणि आपल्या ए. आर. रहमानबरोबर होता, तिथून लेख सुरू करतोय.

दुसरी अडचण 'रिडिम'ची. जॅमरॉकचा ठेका आयनी कमोझीच्या १९८४ च्या गाण्यातला, स्लाय आणि रॉबी या ड्रम-बास वाजवणाऱ्या जोडीचा. एकाच रिडिमवर अनेकांनी आपापली गाणी रचायची, ही तिथली रीतच. पण 'चाल' म्हणावं तर चुकतं. चाल प्रत्येकाची वेगळी, खालचे ड्रम आणि बास तेवढे तेच.

डीजेला शाहीर म्हणू का? लगेच डफ आणि पोवाडा डोळ्यांपुढे येतो. कुणी चांगला शब्द सुचवेल का? मजकूर रविवारी द्यायचाय.

---

प्रतिसाद: शाहीर नको. 'डीजे'च ठेवा, आणि आईंचा प्रश्न लेखाच्या पहिल्या ओळीत घ्या. वाचकाचाही तोच असणार. रिडिमला 'ठेका' चालेल, फक्त त्यात बासही येतो हे एकदा सांगा.

धागाकर्ता: खूप आभार! सुरुवात बदलतो. रहमान दुसऱ्या परिच्छेदात.